धाडसावर दावा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना इंग्रजीची धास्ती लिफ्ट कोसळण्याइतकीच होती. फरक इतकाच, की लिफ्टला ब्रेक असतो. जुनी कंपनी बंद पडलेली, पन्नाशी उलटलेली. नव्या रुग्णालयातली ही जागा हुकली, तर पुढे कोणी दारात उभं करणार नव्हतं.

मुलाखतीसाठी मेहुण्यांनी शिकवणी धरली. हे इंग्रजीचे निवृत्त मास्तर. मीठ मागतानाही व्याकरण सोडत नसत.

"दाजी, 'ले क्लेम टू' म्हणा. म्हणजे अमुक गुण माझ्याकडे आहे, असा दावा सांगणं. भारदस्त प्रकरण आहे, भाजी घेताना वापरू नका. आणि जाणती माणसं ते बहुधा नकारातच वापरतात. 'आय कॅनॉट ले क्लेम टू करेज.' धाडसाचा दावा मी करणार नाही. ऐकणारा समजतो, गडी धाडसी आहे, वर नम्रही."

"नाही म्हणायचं आणि हो समजायचं? मग हे तुमच्या बहिणीकडूनच शिकलो असतो की!"

स्वयंपाकघरात भांडं आपटलं. शिकवणी संपली.

मुलाखतीला समोर एकट्या इंजिनिअर बाई. त्यांनी इंग्रजीत गुण विचारले. मिस्त्रींनी डोळे मिटून पाठ केलेलं वाक्य एका दमात सोडलं.

बाई मराठीवर आल्या. "म्हणजे धाडस आहे की नाही?"

मास्तरांनी इथवर शिकवलंच नव्हतं. मिस्त्रींच्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं.

"नाही हो बाई. घाबरतो मी. दुरुस्ती झाली की पहिली फेरी एकटाच मारतो, देवाचं नाव घेत. सुखरूप खाली आलो, की मग लोकांना आत सोडतो."

"आणि फेरीत काही खटकलं तर?"

"परत सगळं उघडतो. साहेबांचा ओरडा खातो."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "आधीचे दोघं म्हणाले, आम्हाला कशाचीच भीती वाटत नाही. इथं लिफ्टमधून स्ट्रेचर जातात. उद्यापासून या."

बाहेर येऊन मिस्त्री बाकावर टेकले. तेवढ्यात मेहुण्यांचा फोन.

"वाक्य वापरलंत ना, दाजी?"

"वापरलं. फक्त बाईंनी 'नाही'चा अर्थ 'नाही' असाच घेतला."

"अरेरे! मग?"

"मग काय, नोकरी लागली."

मिस्त्रींनी फोन ठेवला. उठले, लिफ्टच्या दाराशी घटकाभर थांबले आणि जिन्याने खाली उतरले. ती लिफ्ट अजून त्यांनी तपासली नव्हती.