आईच्या चालीचा सिग्नल

रस्ता ओलांडणारा जगातला प्रत्येक माणूस देवाने आपल्याच पदरात टाकलेला आहे, अशी ज्यांची पक्की समजूत आहे ते गृहस्थ माझे साडू लागतात. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते रस्ते आणि वाहतूक हा विषय शिकवतात आणि उरलेल्या वेळात मला छळतात. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘ब्रेकर सर’ म्हणतात. हे मला कळलं तेव्हा नवी पिढी हुशार आहे, देशाची काळजी करण्याचं कारण नाही, असं वाटून गेलं.

त्यांच्याबरोबर गाडीतून जाणं म्हणजे मागच्या जन्मीच्या पापांची फेड. रविवारी सकाळी मिसळ खायला गावाबाहेर निघालो, की आधी मागच्या सीटवरच्या बायकांनी पट्टे लावायचे, इस्त्रीच्या साड्या चुरगळल्या तर चुरगळल्या. त्याशिवाय गाडी हलणार नाही. एकदा आम्ही सगळे भुकेने कासावीस झालेलो असताना हे महाशय एका वळणावर गाडी बाजूला घेऊन उतरले, डिकीतून टेप काढली आणि तिचं एक टोक माझ्या हातात दिलं. म्हणाले, “धरा. ह्या वळणावर समोरचं दिसत नाही.” मी म्हटलं, “अहो, मला भुकेने काहीच दिसत नाहीये!” त्यांनी ते मनावर घेतलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा तिथले पाव संपले होते आणि मी शेव-फरसाण पाण्यासारख्या रश्श्यात बुडवून खाल्लं. साडू मात्र वळणाची आकृती काढत बसले होते.

त्यांच्या सख्ख्या पुतण्याच्या लग्नात तर कहर झाला. वरात ऐन रंगात, घोडीवर नवरदेव, पुढे बँड, आणि चौकात लाल दिवा लागला. साडूंनी दोन्ही हात पसरून अख्खी वरात थांबवली. मुलीकडचे कार्यालयाच्या दारात हार घेऊन ताटकळलेले, गुरुजी घड्याळ बघतायत, आणि इकडे घोडी रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे उभी. मी कळवळून म्हटलं, “अहो, रस्त्यावर काळं कुत्रं नाहीये! मुहूर्त चाललाय!” तर ते शांतपणे म्हणाले, “नाहीये असं नाही, दिसत नाहीये. कोणीतरी आहे असं धरून चालायचं.” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

शिकवण्याची तऱ्हाही तसलीच. पोरांना वर्गात बसवतील तर शपथ. चष्म्याच्या काचांना तेल फासून, पाठीवर बटाट्याचं पोतं देऊन ते त्यांना कॉलेजच्या आवारातला रस्ता ओलांडायला लावतात. पोरं धडपडली की म्हणतात, “आता कळलं का सत्तरीत कसं वाटतं? जा, आता गणित सोडवा.” परीक्षेत आकडा चुकला तर मार्क कापतात, पण आराखड्यात म्हातारं माणूस विसरलं तर थेट नापास.

हे सगळं मी लांबून सोसलं असतं. पण त्यांची नजर माझ्या आईकडे वळली.

आमची कॉलनी गंगापूर रोडला. भाजीबाजार रस्त्यापलीकडे आणि आईच्या मैत्रिणींचा बाकही पलीकडेच. सकाळी तिथे जाऊन तासभर बसणं, सुनांची गाऱ्हाणी करणं, येताना मेथीची जुडी आणणं, हेच तिचं आयुष्य. पण सिग्नलला चालणाऱ्यांचा हिरवा दिवा इतका कमी वेळ लागायचा की ती मध्यावर पोचेपर्यंत गाड्या अंगावर येत. एकदा एका मोटारसायकलने तिची पिशवी उडवली. टोमॅटो रस्ताभर झाले आणि आई रिकामी पिशवी घेऊन घरी आली. मी म्हटलं, “बास. उद्यापासून भाजी मी आणणार, तू घरात बस.” पण जेवणावरचं तिचं मन उडालं आणि ती दिवसभर खिडकीत बसू लागली.

साडूंना कळलं तसे ते भडकले. “आईंनी घरी का बसायचं? थांबायचं तर सिग्नलने थांबावं!” आणि दुसऱ्याच आठवड्यात चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घातलेले विद्यार्थी घड्याळं लावून चौकात उभे. आईच्या चालीवर संशोधन! आई कडक साडी नेसली, पदर खोचला आणि दिवा लागताच अशी सुटली की पोरांनी टाळ्या वाजवल्या. सलग काही दिवस हाच प्रकार. अहवाल आला, आजी वेळेत पोचतात, सिग्नल बरोबर आहे.

साडू पडेल चेहऱ्याने तो अहवाल घेऊन घरी आले, तर आई पलंगावर, दोन्ही गुडघ्यांना तेल चोळत कण्हतेय. “काय झालं आई?” “अहो, एवढी पोरं घड्याळं घेऊन उभी. म्हटलं, तुमचं नाव खराब नको व्हायला. जीव खाऊन पळाले बघा.” साडूंनी कपाळावर हात मारला. “अहो आई, मला तुमचा पहिला नंबर नको होता!”

मग ते स्वतःच पिशवी घेऊन येऊ लागले. घड्याळ नाही, जाकिटं नाही. विद्यार्थी समोरच्या गच्चीवर लपलेले आणि हे आईच्या शेजारून, तिच्या पावलाने, गप्पा मारत रस्ता ओलांडायचे. पुढचे कित्येक महिने माझ्या घरी सकाळचा चहा त्यांचा ठरलेला. आई मला म्हणायची, “माणूस भला आहे रे, पण मेथी निवडण्यात अगदी ढ.” आईच्या खऱ्या चालीला दिवा पुरत नाही, तो लांबवा, असं त्यांनी मांडलं तसे कॉलनीच्या बैठकीत लोक त्यांच्यावर तुटून पडले. एका म्हातारीसाठी अख्खा गंगापूर रोड थांबवायचा काय? साडूंनी एवढंच विचारलं, “तुम्ही म्हातारे व्हायचं नाही असं ठरवलंय का?” पुढे ते महापालिकेच्या कचेरीत खेटे घालत राहिले, आणि एके दिवशी दिवा खरंच लांबला. त्या दिवशी आई रस्त्याच्या मधोमध थांबली, सावकाश पदर सारखा केला, दोन्हीकडच्या गाड्यांकडे बघून घेतलं आणि मग पुढे गेली. मला लाज वाटली आणि रडूही आलं.

आई गेल्या थंडीत गेली. तेराव्याला साडू आले ते मेथीची जुडी घेऊन. कडक, जून, फुलं आलेली. बायकोने ती तशीच निवडायला घेतली.

परवा अंबडला कामावर निघालो होतो. आमच्याच चौकात लाल दिवा लागला. पट्ट्यांवर कोणी नव्हतं. मागून एका पोराने हॉर्नचा सपाटा लावला, “ओ काका, कोणी नाहीये ना! काढा की गाडी!”

मी स्कूटर बंद केली आणि मागे वळून म्हणालो, “कोणीतरी आहे असं धरून चालायचं.”

आणि आईला पलीकडे पोचायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ तिथे उभा राहिलो.