बुंदीचे खड्डे आणि माझं पितळ

आमच्या घरात मनापासून काम करणारी एकच व्यक्ती आहे, आणि तिला चार पाय आहेत.

तिचं नाव बुंदी. पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून आमच्या पोट्टीनं, श्रेयानं, हे नाव ठेवलं. रायपूरच्या आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, नालीकाठी सापडलेलं हे पिल्लू "पापा, बस दो दिन के लिए" म्हणून घरात आलं, त्याला आता तीन वर्षं झाली. श्रेयाला मराठी सगळं समजतं, फक्त उत्तर हिंदीत येतं. बुंदीला दोन्ही भाषा समजतात, आणि ती दोन्हींत ऐकत नाही!

गेल्या हिवाळ्यात बुंदीला खोदायचा नाद लागला. नाद म्हणजे कसा? सकाळी मी नवा रायपूरच्या ऑफिसची बस धरायला निघालो रे निघालो, की ही बागेत हजर. पुढचे दोन पाय सपासप चालू, मागे मातीचा फवारा! संध्याकाळी घरी येऊन पाहतो तर माझ्या पाच गुलाबांपैकी दोन-तीन तरी मुळं वर करून आडवे. मधोमध बुंदी, नाकावर मातीचं ढेकूळ, शेपूट जोरात. मीच सकाळी काम सांगून गेलो आणि तिनं ते वेळेत पूर्ण केलं, असा थाट!

पहिल्या आठवड्यात दूधवाल्या भैयाचा पाय खड्ड्यात गेला आणि दोन लिटर दूध ओट्यावर सांडलं. (ते बुंदीनं चाटून साफ केलं, म्हणजे त्यातही तिचाच फायदा.) दुसऱ्या आठवड्यात मात्र आमच्या सौभाग्यवतींचा, म्हणजे माधुरीचा, पाय गेला. हातात सांडग्यांचं ताट होतं. ताट एकीकडे, माधुरी दुसरीकडे, आणि सांडगे सगळीकडे!

"अहो, हे अंगण आहे का खदान?" ती मातीत बसूनच ओरडली. "लय झालं आता! रविवारी मनोज येऊन राहिला. तोवर एक जरी नवा खड्डा दिसला न, तर ही कुत्री त्याच्या गाडीत बसून सिलतऱ्याले जाईल! सांगून ठेवते!"

मनोज म्हणजे तिचा धाकटा भाऊ. सिलतऱ्याला त्याचं भंगाराचं गोदाम आहे आणि त्याला कधीपासून राखणीसाठी कुत्रं पाहिजे होतं. आता सिलतरा म्हणजे काय, तर कारखाने, ट्रक आणि काळी धूळ. पांढरी बुंदी तिथं आठ दिवसांत काळी झाली असती. श्रेया रडायलाच लागली. "मम्मी, वो वहाँ मर जाएगी!" तिनं रात्रीचं जेवणही सोडलं.

आणि माझं काय? खरं सांगतो, मी ऑफिसातून आल्यावर उठून उभं राहणारं या घरात दुसरं आहे कोण?

सोमवार ते रविवार, हातात सहा दिवस! मी लगेच कामाला लागलो. सरकारी माणूस कामाला लागतो म्हणजे आधी फाईल उघडतो. मीही उघडली. वर लिहिलं, 'विषय: बुंदीचे खोदकाम, कारणे व उपाययोजना'. मग मोबाईलवर वाचवाचून कारणं उतरवली. कुत्रं गरम होतं म्हणून खोदतं. कंटाळा येतो म्हणून खोदतं. उंदीर-घुशीच्या मागं लागून खोदतं.

गरमीचं कारण पौष महिन्यात बसेना, तरी फाईलमध्ये आहे म्हणून मी कूलर काढून तिच्यासमोर लावला. बुंदी घरात पळाली आणि माझ्या रजईत शिरली.

"काहून लावला कूलर?" माधुरीनं विचारलं.

"प्रयोग करून राहिलो."

"मग स्वेटर घालून करा!"

मंगळवारी कंटाळ्यावर उपाय. पहाटे उठून तिला तलावापर्यंत पळवत नेलं आणि पळवत आणलं. (कोण कोणाला पळवत होतं, ते पाऱ्यातल्या लोकांनी पाहिलंय.) परत आल्यावर मी सोफ्यावर आडवा झालो, आणि बुंदी ताजीतवानी होऊन थेट गुलाबाकडे!

बुधवारी शेजारच्या साहूभैयांनी सल्ला दिला, "मिर्ची पाउडर डाल दो, सूँघेगी तो भाग जाएगी." मी माधुरीच्या डब्यातलं भिवापुरी तिखट उचललं आणि गुलाबांभोवती भुरभुरलं. नेमका त्याच वेळी वारा फिरला. पुढचा अर्धा तास मी नळाखाली डोकं धरून शिंकत होतो आणि बुंदी शेजारी बसून काळजीनं पाहत होती. तिला फक्त एकच शिंक आली.

पडल्यापासून माधुरी गुलाबांकडे फिरकत नव्हती, म्हणून हे सगळं चालू असताना मी रोज संध्याकाळी गुपचूप खड्डे बुजवत होतो. उपटलेला गुलाब उचलायचा, परत लावायचा, आणि बिचारा घाबरला असेल म्हणून खताची एक मूठ जादा टाकायची. दुसऱ्या दिवशी परत तोच गुलाब बाहेर! बरं, इतर झाडांना ही हात लावत नाही. शेवंती सुखरूप, तुळस सुखरूप. गुलाबांशीच हिचं काय वैर?

गुरुवारी हात टेकले आणि बुंदीला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई तरुण होत्या, पण शांत. त्यांनी बुंदीला तपासलंच नाही. मलाच तपासलं.

"अंकल, गुलाब में खाद कौन सी डालते हो?"

"बोनमील!" मी छाती काढून म्हणालो. "नर्सरीवाल्यानं सांगितलं, फूल मोठं येतं."

"मतलब हड्डी का चूरा."

"हव."

"और कुत्ता वहीं खोद रहा है."

"हव."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अंकल, कोई रोज़ आपके तकिए के नीचे जलेबी छुपा दे, तो आप सोएँगे या ढूँढेंगे?"

मी बुंदीकडे पाहिलं. बुंदीनं दुसरीकडे पाहिलं. अरे बाप्पा! म्हणजे रोज संध्याकाळी मीच तिचं ताट वाढत होतो, वर मूठभर जादा वाढत होतो, आणि सकाळी ती जेवली की तिच्या नावानं बोंबलत होतो!

आता शहाण्या माणसानं घरी जाऊन बायकोला खरं सांगितलं असतं. पण माझी अडचण समजून घ्या. माधुरीच्या स्वयंपाकघरात अंडं शिरलं तर पातेलं अंगणात जातं! आणि दोन महिन्यांपासून त्याच पाच झाडांचे टपोरे गुलाब रोज सकाळी आमच्या देवांच्या डोक्यावर चढत होते. "पहा, देवाचंच झाड आहे, म्हणून इतकं फुलतं," असं ती शेजारणींना सांगत होती. हाडाच्या चुऱ्यावर पोसलेले गुलाब, आणि देव्हाऱ्यात! हे कळलं तर बुंदीचं जाऊ द्या, माझंच सामान फाटकाबाहेर. मी गप्प बसलो. बुंदीच्या नावावर खपतंय तोवर खपू दे, म्हटलं. (लाज वाटली, पण भीतीपेक्षा कमी.)

डॉक्टरीणबाईंनी उपायही दिला होता. "खोदना इसका शौक है, रोको मत, जगह दे दो. एक कोने में रेत डालो, उसमें टोस्ट-वोस्ट छुपाओ, वहीं खोदने पे शाबाशी दो."

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माधुरी भजनाला गेलेली. गुलाबांच्या बुडाची माती काढून लांब फेकली, नवी भरली. मग जागा शोधली. स्वयंपाकघराच्या बाहेर, भिंतीला लागून एक कोपरा होता. तिथं काही उगवत नाही, कोणी जात नाही, नुसती एक जुनी फरशी पडलेली. यापेक्षा चांगली जागा कोणती? सब्बल घेतली, फरशी उचकली, वीतभर खणलं, रेती भरली आणि टोस्टचे तुकडे पुरले. बुंदीला म्हटलं, "घे बाई, ही तुझी जहागीर!"

आणि काय सांगू! बुंदी त्या रेतीवर अशी तुटून पडली, की गुलाबांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही! शनिवारी एक खड्डा नाही. रविवारी सकाळी एक खड्डा नाही. मी श्रेयाला टाळी दिली. "पापा, यू आर जीनियस!" आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोरीनं मला हे म्हटलं, आणि मी ते खरं मानलं.

दहा वाजता मनोज आला. अंगणात खुर्च्या टाकल्या, तर्री-पोहे आले. माधुरीनं गुलाबांभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं, पायानं माती दाबून पाहिली.

"खरंच हो! एकही खड्डा नाही!"

"मग?" मी मिशीवरून हात फिरवला. "जनावर समजून घ्यावं लागते. प्रत्येकाले जमत नाही ते."

तेवढ्यात घरामागून बुंदी आली. तोंडात काहीतरी. सरळ माधुरीकडे गेली आणि ती वस्तू तिच्या मांडीवर ठेवून शाबासकीसाठी समोर बसली. मातीनं माखलेलं, लाल कापडात गुंडाळलेलं. माधुरीनं कापड उलगडलं. आत बोटभर लांबीचा तांब्याचा माणूस.

"अगं माय!" ती किंचाळली. "हा तर आपला वास्तुपुरुष!"



आपल्याकडे वास्तुशांत झाली की घराच्या आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष पुरतात. तो पालथा झोपून घर सांभाळतो आणि त्याला उठवायचं नसतं, हे कोणालाही माहीत असतं. आमच्या घरात तर टाइल्स आधीच बसल्या होत्या, म्हणून नागपूरच्या गुरुजींनी तो स्वयंपाकघराबाहेरच्या कोपऱ्यात पुरायला लावला आणि वर खूण म्हणून फरशी ठेवली. पुरला कोणी? यजमानानं. यजमान कोण? मी! पण त्या दिवशी डोळ्यांत धूर, पोटात उपास, आणि सुटणारं पीतांबर एका हातानं धरलेलं. गुरुजी "इथं ठेवा" म्हणाले, ठेवला. कोपरा कोणता होता, हे पीतांबर सोडून बघणार कोण?

"श्रेयाची ॲडमिशन, तुमचं प्रमोशन, सगळं याच्याच आशीर्वादानं झालं!" माधुरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "अन हिनं त्याले दातात धरून आणलं! मनोज, ने हिले. आत्ताच्या आत्ता ने!"

"मम्मी, प्लीज़!" श्रेयानं बुंदीच्या गळ्याला मिठी मारली.

मनोजनं निमूटपणे उठून गाडीचं मागचं दार उघडलं. आणि बुंदी? दार उघडलं म्हणजे फिरायला जायचं, एवढंच तिला ठाऊक. श्रेयाच्या मिठीतून सुटली, टुणकन उडी मारून सीटवर बसली, आणि खिडकीतून माझ्याकडे पाहून शेपूट हलवायला लागली. 'चला न, तुम्ही काहून थांबले?'

माझ्यानं नाही पाहवलं.

"थांबा!" मी ओरडलो. "फरशी मी उचकली!"

सगळे माझ्याकडे वळले.

"तुम्ही?" माधुरी म्हणाली. "काहून?"

"तिले खोदायले जागा पाहिजे होती म्हणून."

"मग ती गुलाबं काहून खोदून राहिली होती?"

आता एकदा बांध फुटला की फुटला. "त्याच्यात मी बोनमील टाकून राहिलो होतो."

"ते काय असते?"

मी श्रेयाकडे पाहिलं. श्रेयानं मान खाली घातली आणि पहिल्यांदा अख्खं वाक्य शुद्ध मराठीत बोलली, "हाडांचा चुरा, आई."

मनोजच्या तोंडातली शेव तेवढी कुरकुरत होती. माधुरीनं आधी गुलाबांकडे पाहिलं, मग देवघराच्या खिडकीकडे, आणि मग माझ्याकडे. ती नजर मी वर्णन करणार नाही. हे शेजारणीही वाचतात.

तिनं फोन उचलून थेट नागपूरला गुरुजींना लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळी हकीकत ऐकून गुरुजी दोन-तीनदा खोकले. (हसत असावेत, असा मला दाट संशय आहे.) मग म्हणाले, "वहिनी, त्या मुक्या जनावराचा काय दोष? खणलं यजमानानं, तर उपासही यजमानाला. आधी गंगाजलानं आंघोळ घाला."

"वास्तुपुरुषाले?"

"त्यालाही."

माधुरी उठली. गाडीपाशी गेली. बुंदीला स्वतःच्या हातानं खाली उतरवलं आणि तिच्या नाकावरची रेती पदरानं पुसली. पदरानं! सत्तावीस वर्षांत माझ्या नाकाला तो मान मिळालेला नाही.

"बुंदी कुठंच जाणार नाही," ती म्हणाली. "अन मनोज, तू एवढ्या दूर आला, गाडी रिकामी काहून नेतो? ह्यायले घेऊन जा!"

मनोजनं पोह्यांची प्लेट खाली ठेवली. मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. अगदी मनापासून विचार केला.

"नाही ताई," तो म्हणाला. "राखणीले जागं राहणारं लागते. अन अनोळखी माणसावर भुंकणारं. भाऊजी तर सायबाच्या रिकाम्या गाडीलेही नमस्कार करतेत."

सरकारी नोकरीत माझे बदलीचे अर्ज वर्षानुवर्षं टेबलावर पडून राहिले आहेत. हा मात्र मी केलेलाही नव्हता, आणि दोन मिनिटांत नामंजूर!