नान्नांच्या गाण्याला मराठी शब्द

मी नर्सिंगसाठी पुण्याला निघाले त्या सकाळी सिरोंच्याच्या बसस्टँडवर आमच्या छोट्या चर्चची निम्मी मंडळी जमली होती. नान्ना, म्हणजे माझे वडील, चर्चमध्ये पुढे उभे राहून गाणी सांगायचे. त्यांनी एसटीच्या दारातच डोळे मिटून तेलुगूत प्रार्थना सुरू केली. ती काही संपेना. शेवटी ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तोही हात जोडून थांबला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई एवढंच म्हणाली, "जेवत जाजो. अन् रविवारी घरी नोको बसू."

रविवारी मी घरी बसले नाही. हॉस्पिटलची ड्यूटी, लग्न, हडपसरचा फ्लॅट, सगळं सांभाळून जवळच्या चर्चला जात राहिले. तिथे गाण्याचे शब्द पडद्यावर येतात, पार्किंगला वॉचमन असतो आणि उपासना संपली की लोक गोड हसून आपापल्या गाडीकडे जातात. माणसं चांगली आहेत. फक्त मी महिनाभर आले नाही, तर कुणी विचारत नाही.

तिकडे गावी वेगळंच सुरू झालं होतं. आमचा भाग तेलंगणाच्या सीमेवरचा, जुनी माणसं तेलुगूत गातात. पोरं शिकली मराठी शाळेत. घरात तेलुगू बोलतात, पण गाण्यांतली जुनी तेलुगू त्यांना कळत नाही आणि अक्षरं तर वाचताच येत नाहीत. शेजारच्या एस्तेरने, जी कीबोर्ड वाजवते आणि पोरांची पुढारी आहे, तरुणांसाठी वेगळी मराठी उपासना मागितली. नान्ना फोनवर कडाडले, "एका चर्चचे दोन चर्च कराचे? मंग आमी म्हाताऱ्यायनं काय मुक्यानं बसाचं?"

त्या नाताळात मी घरी गेले, तेव्हा उपासनेनंतर याच गोष्टीवर बैठक बसली. आवाज चढले. चर्चचे नवे पाळकसाहेब बिचारे नुसते इकडून तिकडे बघत राहिले. एक म्हातारी बाई रडू लागली. मला वाटलं, आज आपली मंडळी फुटली. तेवढ्यात एस्तेर उठली आणि नान्नांच्या पुढ्यात येऊन खाली बसली.

"आजोबा, तुमी गाता तवा तुमच्या डोळ्यात पाणी येते. आमच्या काऊन येत नाई? आमाले समजतच नाई नं. एकदा समजाऊन तं सांगा."

नान्नांनी माझ्या आजीच्या आवडीचं गाणं अडखळत मराठीत सांगायला घेतलं. नदीला पूर आलाय, नावाडी जवळ आहे, आणि पलीकडे... 'ओड्डु' या शब्दापाशी ते थांबले.

"तीर?" एस्तेरने विचारलं.

"तीर पुस्तकातला. आपल्या गोदावरीले काठ हाय."

"मंग काठच म्हणू," ती म्हणाली आणि तिने कीबोर्ड पुढे ओढला.

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी सगळे एकत्र बसतात. म्हातारे अर्थ सांगतात, पोरं त्याच चालीवर मराठी शब्द बसवतात. एक कडवं तेलुगू, पुढचं मराठी. भांडणं अजून होतात. नान्नांना कीबोर्डचा आवाज मोठा वाटतो. एस्तेर म्हणते, "आजोबा, तुमी एवढं लांबवता, का लोकं घरी जाऊन जेवून येतीन." हे नान्नांनीच मला फोनवर हसत सांगितलं. म्हाताऱ्यांतले येसुदासभाऊ मराठी कडव्याला अजून तोंड उघडत नाहीत, पण त्यांच्या हातातले टाळ थांबत नाहीत.

यंदा गेले तर नान्नांचा आवाज बारीक झालेला. पहिल्याच ओळीत त्यांचा श्वास संपला. मी जागेवरून उठणार, तोच मागून पोरांनी ती ओळ उचलली. तेलुगूत, एकही शब्द न चुकता. नान्ना खुर्चीची पाठ धरून ऐकत उभे राहिले.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, मी सोडून आले ते चर्च आता तसं राहिलेलं नाही. माझ्यावाचून ते बदललं, आणि बरं बदललं. त्या दिवशी उपासना संपल्यावर मी पाहुण्यासारखी भिंतीशी उभी होते. एस्तेर सतरंजी गुंडाळत होती.

"ताई, पाहत काय राह्यल्या?" ती ओरडली. "ते टोक धरा नं!"

मी पर्स खाली ठेवली आणि धरलं.