आधी शेण, मग दूध

राजोडीच्या वाटेवरच्या ज्या गोठ्यातून मी रोज दूध घेते, तिथला म्हातारा आधी दूध देत नाही, आधी शेण दाखवतो. काठीने उलटंसुलटं करून म्हणतो, "बघा टीचर, म्हैस बोलत नाय, तिचं शेन बोलतं." मी नाकाला ओढणी लावून मान हलवते.

यंदा त्याच्या म्हशीच्या पिल्लाचं, पारडीचं, पोट बिघडलं. शेण पातळ, अंग काही भरेना. गुरांच्या डॉक्टरांनी खाद्यात मिसळायला प्रोबायोटिकची पावडर दिली. हा रोज लाडाने कोंड्याची वाफाळती आंबोण करायचा आणि तीत पावडर कालवायचा. आठवडा गेला तरी फरक नाही. शेवटी त्याने पाकीट माझ्या हातात दिलं. मी वाचून दाखवलं, "यात जिवंत जिवाणू आहेत. गरम खाद्यात मिसळू नये."

तो पाकिटाकडे बघत म्हणाला, "म्हंजे तिच्या पोटाला मदत करायला आलेले, त्यांना मीच शिजवले?" मग पारडीच्या कानाशी जाऊन म्हणाला, "माफ कर गं बाय."

दुसऱ्या दिवसापासून, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं, कोपर बुडवून तो आंबोण निवल्याची खात्री करू लागला.

एका रविवारी आम्ही चर्चमधल्या मिस्साहून घोळक्याने परतत होतो. तो गोठ्यातून ओरडतच आला, "टीचर, शेन घट्ट झालं!" इस्त्रीच्या कपड्यांतली दहा-बारा माणसं त्या शेणाभोवती वाकली. पलीकडे पारडी शेपटी उडवत उड्या मारत होती. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ती मीच होते, आणि ओढणी खांद्यावरच राहिली होती.