न तपासता पाठवलेलं अपडेट

सेनगावच्या बसस्टँडमागे भीमराजचं दुकान आहे. तो शाळांच्या, दुकानदारांच्या वेबसाइट बनवतो. पण दूरदूरचे लोक त्याला ओळखायचे ते दुसऱ्याच कामामुळे. वेबसाइटला रूप देणाऱ्या थीम आणि तिच्याकडून जादा कामं करून घेणारे प्लगइन महाग मिळतात. त्यातल्या ज्यांचा परवाना वाटायला मोकळीक देतो, ते विकत घेऊन तो आपल्यासारख्या छोट्या कारागिरांच्या ग्रुपवर टाकायचा. नवी आवृत्ती आली की आधी स्वतःच्या चाचणीच्या साइटवर चढवायची, सगळं चालवून बघायचं, मगच पुढं पाठवायची. "भीमाभाऊनं टाकलं म्हंजी डोळे झाकून लावा," असं लोक म्हणायचे.

प्रेमदास त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त, पुसेगावजवळच्या तांड्यावरचा. त्याची आई जिवनबाई लग्नातली, होळीची जुनी गाणी म्हणायची. तिचा घसा बसत चालला, तशी प्रेमदासनं ती फोनमध्ये भरून घेतली आणि भीमराजच्या मदतीनं त्यांची वेबसाइट केली. गाणी ऐकवणारा प्लगइन भीमराजनंच दिला होता. पुढं जिवनबाई वारली. प्रेमदासचा फोनही विहिरीत पडला. पण साइट होती. कामासाठी परगावी गेलेल्या तांड्यावरच्या लेकी तिथं तिची गाणी ऐकायच्या.

एके दिवशी बातमी आली, त्या प्लगइनमध्ये भगदाड आहे, त्यातून चोर साइटमध्ये शिरून राहिले. भीमराज तेव्हा हिंगोलीला दवाखान्यात होता. त्याची पोरगी ऐश्वर्या तापानं फणफणली होती. ग्रुपवर एकामागून एक निरोप येत होते. चाचणीला वेळ नव्हता आणि थांबणंही धोक्याचं होतं. त्यानं नवी आवृत्ती तशीच पाठवली. प्रेमदासनं ती लगेच चढवली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "भीमा, आईची गाणी वाजंनात."

"थांब, बघतो."

भीमराजनं दवाखान्याच्या पायरीवर बसून साइट उघडली. जुना प्लगइन गाणी आपल्याच फोल्डरमध्ये ठेवायचा. नवा चढताना ते फोल्डर पुसलं गेलं होतं. साइटची दुसरी प्रत कुणीच ठेवली नव्हती. गाण्यांची नावं तेवढी दिसत होती. चाचणीच्या साइटवर एक गाणं टाकून पाहिलं असतं, तर हे तिथंच कळलं असतं.

ऐश्वर्या बरी झाल्यावर तो तांड्यावर गेला. प्रेमदास अंगणात बसला होता. त्याची बायको मिना पाणी घेऊन आली.

"माहीच चूक हाय, प्रेमदास. तपासलं न्हाई."

"तुझं लेकरू आजारी व्हतं," प्रेमदास म्हणाला. त्यानं पाण्याचा तांब्या भीमराजपुढं सरकवला. "तू शिव्या देण्यासारखं काही केलं असतं तं बरं झालं असतं रे. आता राग धरू कोनावर?"

दोघांनी जिवनबाईच्या बहिणीकडं, भाच्यांकडं, लग्नांचे व्हिडिओ काढणाऱ्यांकडं विचारलं. एका व्हिडिओत ती सापडली, पण बँडच्या दणक्यात तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. प्रेमदासनं ते तीनदा पाहिलं आणि फोन परत दिला.

भीमराजनं ग्रुप दुसऱ्याच्या हवाली केला. लोकांनी पुष्कळ विनवलं. प्रेमदास अजून बाजाराच्या दिवशी दुकानात येतो, चहा घेतो, सोयाबीनचं बोलतो. आईचं नाव मात्र दोघंही काढत नाहीत.