शंभर सर आणि अडीच टक्क्यांचं दुकान

बेरीज शंभर भरली नाही की आमच्या सरांच्या घशाखाली घास उतरत नसे. कसलीही बेरीज असो. एकदा निवडणुकीच्या दिवसांत चहाच्या टपरीवर एका पार्टीचा कार्यकर्ता छातीठोकपणे म्हणाला, "साठ टक्के मतं आपली." दुसऱ्या पार्टीचा तिथंच बसला होता. तो म्हणाला, "हट्! पंचावन्न आमची." सरांनी कप खाली ठेवला. "एकशे पंधरा झाले की रे. वरचे पंधरा कुठून आणले?" टपरीवर हशा पिकला, ते दोघंही हसले. सर हसले नाहीत. त्यांना खरंच उत्तर पाहिजे होतं. लातुरात सगळे त्यांना शंभर सर म्हणायचे. खरं नाव विचारलं तर क्लासच्या शिपायालासुद्धा डोकं खाजवावं लागायचं.

मी नांदेडची. लातूरला एका मोठ्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायला आले आणि सरांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहिले. सर गणित शिकवायचे. माझं आडनाव भलतंच असलं तरी पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'नांदेडकर' करून टाकलं. "काय नांदेडकर, गोदावरीला पाणी हाय का?" असं रोज सकाळी जिन्याखालून विचारायचे. मी सांगायचे, "मी काय तिच्या काठावर बसून येते का?" त्यावर खूश होऊन ते स्कूटरला किक मारायचे. माझ्या तोंडाला लागायला त्या घरात बाकी कुणी धजत नसे, म्हणून मला ते फार आवडायचे.

मूळचे ते लातूरजवळच्या मुरुडचे. लातूरचा मोठा भूकंप झाला तेव्हा नुकतेच मास्तर झाले होते. पडलेल्या गावांतल्या पोरांना पत्र्याच्या शेडमध्ये शिकवायला गेले आणि तिथंच काही वर्षं राहिले. लोक भीतीनं घरात झोपत नव्हते. सर त्यांना समजावून सांगायचे की इतक्या लवकर पुन्हा तेवढा मोठा धक्का बसायची शक्यता फार कमी आहे. आणि स्वतः मात्र सगळ्यांबरोबर बाहेरच खाट टाकायचे! मी एकदा टोकलं तर म्हणाले, "कमी म्हणजे न्हाई असं थोडंच हाय? मी लोकांना धीर देऊन राहिलो होतो, भिंतीला न्हाई."

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. गल्लीगल्लीत मेस, होस्टेल, झेरॉक्सची दुकानं. आणि चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. एका वर्षी एकाच पोरीचा फोटो तीन क्लासच्या बोर्डांवर झळकला. सर भर चौकात स्कूटर थांबवून बघत बसले, मागून हॉर्नचा नुसता गोंगाट. "नांदेडकर, ही पोरगी जेवली कवा असंल हो?" एवढंच म्हणाले. संचालकांना हे कळलं, कारण तिसरा बोर्ड आमच्याच क्लासचा होता. पण सरांच्या नावावर पोरं येत होती, त्यामुळं ते गप्प बसले.

सरांची शिकवायची एक रीत होती, ती पुढं लातूरभर झाली. तासाचं सार ते फळ्यावर शेवटी चौकटीत लिहायचे. चौकट म्हणजे परीक्षा. दीडशे पोरं मान खाली घालून चौकट उतरवायची आणि पुढच्या तासाच्या मास्तरांची वाट बघायची. चौकटीबाहेर सर काय बोलले, ते वाऱ्यावर. मी चिडायचे. "अहो, तुम्ही इतकं छान सांगता आणि ही कार्टी चार ओळी लिहून मोकळी होतात!" सर म्हणायचे, "पोरांना वेळ कुठं हाय?" त्याच बॅचमध्ये त्यांची मुलगी मुक्ता तिसऱ्या बाकावर बसायची. एकुलती एक, लग्नानंतर फार वर्षांनी झालेली. बारावीला होती. तिला इंजिनिअर व्हायचं होतं, आणि तिच्या आईनं, आमच्या वहिनींनी, शिवणकाम करून, भिशी लावून तिच्या प्रवेशाचे पैसे तिच्याच नावानं बँकेत ठेवले होते. "पोरीच्या नावावर असलं की ह्यांचा हात जात न्हाई," वहिनी मला हसत सांगायच्या. सरांचा हात कसला जातो! चहाचे पैसे द्यायलाही ते विसरायचे.

त्या वर्षी क्रिकेटचं खूळ आलं. क्रिकेट कायमचंच होतं, पण आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये पैजेचं दुकान उघडलं होतं. होस्टेलची पोरं डबा खाताना पैजा लावायची. आपल्याकडं हे बंद आहे, पण ती दुकानं आपल्याकडची नव्हतीच. कुठल्या तरी बेटावरून चालायची. संचालकांनी 'मोबाईल आणू नये' अशी पाटी लावली आणि हात झटकले. सरांना पाटी पटली नाही. "पोरांना कळलं पाहिजे की आपल्याला कोण किती खाऊन राहिलं." त्यांचा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात नोकरीला होता. तिकडं सरकारी परवाना घेऊन अशी दुकानं चालतात. त्याच्याकडून तिथले पैजेचे दर मागवले. बेटावरच्या दुकानाचे दर आमच्या पोरांच्या फोनवर होतेच. आणि सर बेरजा करायला बसले.

मी इतकं खूश झालेलं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला जिन्यातच थांबवून सांगितलं, "हे बघा. दोन टीम, दोघी तोडीस तोड. म्हणजे पन्नास-पन्नास. इमानदार दुकान असंल तर रुपयाला दोन रुपये परत देईल. पण परवान्याचं दुकान देतंय एक रुपया नव्वद पैसे. शंभराला एक पॉइंट नव्वदनं भागा, म्हणजे त्याच्या हिशेबात एका टीमची शक्यता निघते. साडेबावन्नच्या वर. दोन्हीकडची बेरीज करा."

"एकशे पाच," मी म्हणाले. जिन्यात उभं राहून मला जास्त काही सुचण्यासारखं नव्हतं.

"हाव! शंभर न्हाई! हे वरचे पाच दुकानदाराचे. मॅच कुणीबी जिंको. आता बेटावरचं दुकान घ्या. ते देतंय एक रुपया पंच्याण्णव. बेरीज एकशे अडीच. निम्मंच खातंय!"

"का बरं? धर्मादाय आहे का?"

"तेच तर! त्याला टॅक्स न्हाई, हापिस न्हाई, तक्रार ऐकायला माणूस न्हाई. मग स्वस्त देणारच की. पण तुम्ही जिंकलात आणि त्यानं दिलंच न्हाई, तर कुणाला पकडता? ते टक्के कुठल्याच बेरजेत दिसत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हाच तास वर्गात घेतला. पोरं कधी नव्हे ती कान टवकारून ऐकत होती. सरांनी भागाकार करून दाखवले, सवयीनं चौकट आखली आणि आत लिहिलं: परवान्याचं दुकान, पाच टक्के; बेटावरचं दुकान, अडीच टक्के. मग खडू ठेवून, हात झटकत, पैसे न मिळण्याबद्दल जे मला जिन्यात सांगितलं होतं तेच सगळं पोरांना सांगितलं. बेंबीच्या देठापासून सांगितलं. मी पुढच्या तासासाठी दारात उभी होते, माझ्या कानांनी ऐकलंय. पण चौकट झाली होती. वह्या मिटल्या होत्या. माझ्या तासाची पुस्तकं निघाली होती.

त्यानंतर काही आठवडे सगळं शांत होतं. मग एका रविवारी दुपारी वहिनींनी मला खाली जेवायला बोलावलं. शेंगदाण्याची आमटी होती. सर मला चिडवत होते, वहिनी भाकरी थापत होत्या, आणि मुक्ता ताटातली भाकरी नुसती कुस्करत होती. वहिनी म्हणाल्या, "खा की गं, तब्येत बरी न्हाई का?" तर ती म्हणाली, "आई, बँकेतले पैसे न्हाईत."

आधी कुणाला कळलंच नाही. सर म्हणाले, "कुठल्या बँकेतले?"

"माझ्या प्रवेशाचे. बेटावरच्या दुकानात लावले."

वहिनींचा पिठाचा हात तसाच परातीत राहिला. दुसऱ्या कुणाची पोरगी असती तर मी एव्हाना तोंड सोडलं असतं, पण मी नुसतं माझं ताट बाजूला सारलं. सरांनी अगदी हळू विचारलं, "सगळे हरलीस, बाळा?"

"न्हाई पप्पा. हरले न्हाई. मी जिंकले." ती एकदम रडायलाच लागली. "तुमचं गणित बरोबर होतं. जिथं बेरीज शंभराच्या जवळ असंल तिथंच लावले. थोडे थोडे लावले, जिंकत गेले, मग सगळे लावले. दुप्पट झाले होते. मागितले तर म्हणाले, ओळख पटवायला अजून पैसे भरा. तेबी उसने घेऊन भरले. आता खातंच उघडत न्हाई. पप्पा, तुम्हीच लिहिलं होतं ना, तिथं कमी खातात म्हणून?"

देवा रे! सरांचा चेहरा मला अजून दिसतो. ते म्हणाले, "मी पुढं सांगितलं होतं की गं." मुक्ता म्हणाली, "ते चौकटीत नव्हतं." आणि ती खरंच बोलत होती. पोटच्या पोरीनंसुद्धा त्यांचं तेवढंच ऐकलं होतं, जेवढं ऐकायला त्यांनीच सगळ्या गावाला शिकवलं होतं.

सोमवारी सकाळी सर पोलीस ठाण्यात गेले. मीही बरोबर गेले. जमादार माणूस भला होता. त्यानं विचारलं, "कंपनीचं हापिस कुठं हाय, गुरुजी?" सर म्हणाले, "समुद्रात, बेटावर." जमादारानं पेन बाजूला ठेवलं. "असं करा, चहा घ्या आणि घरी जावा. हे मुळात बेकायदा हाय. तक्रार लिहिली तर पोरीचंच नाव पहिलं येतंय." आम्ही चहा न घेताच उठलो. मला जमादाराचा नाही, त्या बेटाचा संताप आला होता. पण बेटावर संताप करून करणार काय?

पुढचं सांगून टाकते. मुक्ता इंजिनिअरिंगला जाऊ शकली नाही. नांदेडला माझ्या आईकडं राहून बी.एस्सी. करते आहे. सरांना क्लासनं काढलं. ते आणि वहिनी मुखेडला वहिनींच्या माहेरी गेले. सर तिथं शेजारपाजारच्या पोरांना फुकट शिकवतात आणि मला अधूनमधून फोन करतात. पण सर म्हटलं की मला आठवतो तो त्या सोमवारचाच तास.

ठाण्यातून आम्ही थेट क्लासला आलो. संचालक दारातच होते. त्यांना कुणकुण लागली होती. म्हणाले, "सर, घरचं घरात ठेवा. ॲडमिशनचे दिवस आहेत. वर्गात एक शब्द काढला तर उद्यापासून येऊ नका." सर "बरं" म्हणाले आणि आत गेले. मी दारात उभी राहिले.

फळ्याकडं वळलेच नाहीत. पोरांकडं तोंड करून म्हणाले, "मागं मी तुम्हाला दोन दुकानं दाखवली होती. त्यातल्या स्वस्त दुकानानं माझ्या घरातलं एक लेकरू लुटलं. ते लेकरू जिंकलं होतं, तरी लुटलं. चूक त्याची न्हाई. मी लिहिलं अर्धं आणि सांगितलं अर्धं. आणखी कुणी गेलं होतं का तिथं? मी रागवणार न्हाई."

तिसऱ्या बाकावर मुक्ता उभी राहिली. वर्गात ती त्यांना इतरांसारखं 'सर'च म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "पप्पा, मी." सरांनी मान हलवली. त्यांना वाटलं, झालं, एवढीच. मग तिच्या शेजारची उभी राहिली. मग मागं एक पोरगा. मग खिडकीकडची सबंध रांग. बाकं करकरत होती आणि पोरं उठतच होती. मुरुडची, मुखेडची, कुठली कुठली, ज्यांच्या आईबापांनी होस्टेलचे पैसे कसेबसे भरले होते ती. निम्म्याहून जास्त वर्ग उभा राहिला. मी चौकट धरली दाराची.

या टोकापासून त्या टोकापर्यंत सरांची नजर फिरली, पण त्यांनी मोजलं नाही, हे मी बघितलं. मग त्यांनी त्या पोरांपुढं हात जोडले. आमच्या भागात मास्तर पोरांपुढं हात जोडत नाही हो! "मला माफ करा रे लेकरांनो," म्हणाले, "बसा." कुणीच बसलं नाही. "बसा की," पुन्हा म्हणाले. मग ते माझ्या अंगावरून, माझ्याकडं न बघता, बाहेर निघून गेले.

पुढचा तास माझा होता. मी आत गेले, पुस्तक टेबलावर ठेवलं. पोरं उभीच होती. रोज त्यांना दहा वेळा बसवणारी मी, पण त्या दिवशी माझ्याही तोंडातून 'बसा' निघालं नाही.