बाबांच्या बाकड्यावर कोणी बसायचं

मी अमरावतीला राजापेठेत राहतो आणि आई अकोल्याला, आमच्या जुन्या घरी. तिच्याबद्दलचे फोन मला बहुतेक वेळा शेजारच्या काकू करतात. बीपीची गोळी संपली, गॅसवाला येऊन परत गेला, असे. त्या दिवशी मात्र फोन आला तो कॉलनीतल्या बागेच्या समितीच्या अध्यक्षांचा. निवृत्त शिक्षक आहेत, काहीही बोलण्याआधी समोरच्याची तब्येत विचारतात. ती विचारून झाल्यावर म्हणाले, "भाऊ, आईले जरा समजावून सांगा. बाकड्यावर कोनाले बसूच देऊन नाई राहिल्या."

"कोनालेच नाई?"

"कोनाकोनाले देतात. पन कोनाले द्यायचं ते त्याच ठरवतात."

मला हसू आलं. हसल्याचं लगेच वाईटही वाटलं, कारण ते बाकडं तिथे ठेवणारा मीच होतो. अध्यक्ष हसले नाहीत. लोकांच्या तक्रारी आल्या आहेत, म्हणाले. रविवारपर्यंत काही फरक पडला नाही तर बाकडं उचलून मागच्या भिंतीला, खताच्या खड्ड्याजवळ न्यायचं असं समितीत ठरलं होतं. "मले बरं वाटत नाई सांगाले," ते म्हणाले, "पन बाग सगळ्यायची आहे."

माझे बाबा व्हॉल्व्हमन होते. अकोल्यात राहणाऱ्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. आमच्याकडे पाणी येत नाही, 'नळ येतात', आणि तेही रोज नाही. नळ आले की बायका हातातली पोळी तव्यावर सोडून धावतात. हे नळ बाबांच्या हातात होते. सायकलच्या दांडीला उंच लोखंडी चावी बांधून ते गल्लोगल्ली जायचे, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचे, उकिडवे बसून चावी फिरवायचे, आणि एका गल्लीचं पाणी बंद होऊन दुसऱ्या गल्लीचं सुरू व्हायचं. कोणाकडे लग्न, कोणाकडे बाळंतीण, कोणाकडे नुसतेच पाहुणे. प्रत्येकाला थोडं जास्त पाणी हवं असायचं. बाबा ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि प्रत्येक गल्लीला तिच्या वाट्याचं तेवढंच पाणी सोडायचे.

आमची गल्ली चढावर होती. आमच्यापर्यंत धार पोचेपर्यंत तिचा जीव गेलेला असायचा. आई दारात उभी राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "अख्ख्या वार्डाले पानी पाजते हा मानूस, अन् माह्या घरी घागर वाजून राहिली." बाबांनी आमच्या गल्लीला कधी चिमूटभर जास्त दिलं नाही. मी हे आजही छाती काढून सांगतो. माझ्या आयुष्यात मी छाती काढून सांगावं असं दुसरं फारसं काही नाही.

ते गेले त्या वर्षी, त्यांच्या आजारपणात, मी दर रविवारी अकोल्याला यायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचो. रजा शिल्लक होती, तरी परत जायचो. ते सलत होतं, म्हणून वर्षश्राद्धाला मी बाकड्याचा विषय काढला. आमच्या कॉलनीत तशी रीतच पडली आहे. महानगरपालिकेनं भिंत आणि चालायचा रस्ता करून दिला. बसायची सोय मात्र घराघरांतून आली. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानं एक सिमेंटचं बाकडं द्यायचं, पाठीच्या भागावर नाव रंगवून. कोणाच्या नावामागे 'कै.', कोणाच्या नावामागे 'कालकथित'. एक बाकडं शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचं आहे. चाळिशी उलटलेले त्यांचे विद्यार्थी अजूनही त्यावर मांडी घालून बसत नाहीत. एका आजीच्या बाकड्यावर नातवंडांची नावं इतकी दाटली आहेत की आजी स्वतः वरच्या कोपऱ्यात कशीबशी मावली आहे. एक बाकडं हायवेवर गेलेल्या तरुण मुलाचं. त्याचे आईवडील रोज फिरायला येतात, पण त्या बाजूनं जात नाहीत. पितृपक्षात काही जण बाकड्याच्या हातावर कावळ्यासाठी पान ठेवतात. मग दुपारभर कावळे सगळ्यांचंच खातात, कोणाचं कोणतं ते पाहत नाहीत.

बाबांचं बाकडं मी फाटकाजवळ ठेवायला लावलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. खाली माझंही नाव घातलं. पेंटरनं विचारलं तेव्हा "बारीक टाक" म्हणालो. "टाकू नको" असं म्हणालो नाही.

शनिवारी मी अकोल्याला पोचलो तो थेट बागेत गेलो. आई बाकड्याच्या मधोमध बसली होती. एका बाजूला तिची कापडी पिशवी, दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली. तीन माणसांचं बाकडं तिनं एकटीनं भरून टाकलं होतं.

"आला का. बस," ती म्हणाली आणि बाटली उचलली.

मी काही बोलण्याआधी कॉलेजचा एक मुलगा आला, बाकड्याच्या पाठीवर बसायच्या बेतानं एक पाय वर टाकणार तोच आई म्हणाली, "ए पोट्ट्या, तुह्या बापाच्या खांद्यावर बसते का असा?"

"आजी, बाकडंच तं आहे."

"तुले बाकडं दिसते. मले मानूस दिसते. चाल, तिकडे बस."

मुलगा हसत गेला. मग एक बाई आल्या. त्यांच्यासाठी आईनं पिशवीही उचलली. "बस वं बाई." मग मला म्हणाली, "हिची सासू लय चांगली होती. भर उन्हात तुह्या बाबाले ताक आनून द्यायची." बाई गेल्यावर बनियन आणि हाफपँटमधले एक गृहस्थ चालून दमून आले. पिशवी परत बाकड्यावर आली.

"इथं जागा नाई."

ते पुढे गेल्यावर मी विचारलं, "काहून गं?"

"यानं त्यायले शिव्या घातल्या होत्या. नळ गेले म्हनून. हरामखोर म्हने."

"आई, याले किती वर्षं झाली."

"मले कालच्यासारखं याद आहे."

अख्ख्या वॉर्डातलं कोण काय बोललं होतं ते तिला पाठ होतं. बाबा घरी येऊन कधी काही सांगायचे नाहीत. तिला सगळं बाहेरून कळायचं आणि मनात साठत राहायचं. आता तिच्या हातात एक बाकडं आलं होतं. मी म्हणालो, "बाग सगळ्यायची आहे." ती म्हणाली, "बाग सगळ्यायची. बाकडं त्यायचं." खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. ज्यांनी माझ्या बापाला शिव्या दिल्या त्यांना आज उभं राहावं लागतं, यात मला सुख झालं. अध्यक्षांचा निरोप माझ्या तोंडाशी येऊन परत गेला.

रात्री जेवताना तिनं स्वतःहूनच एक गोष्ट काढली. मी ती कधी ऐकली नव्हती. एका उन्हाळ्यात धरण तळाला गेलं होतं, नळ पुष्कळ दिवसांनी यायचे. चेंबरजवळ गर्दी झाली आणि खालच्या गल्लीतल्या किराणा दुकानवाल्या काकांनी बाबांची कॉलर धरली. शर्टाचं वरचं बटन तुटलं. आईनं ते लावता लावता बाबांना सांगितलं, त्या गल्लीचे नळ एक पाळी बंद ठेवा, कळू द्या कोनाची कॉलर धरली ते.

"अन् ठेवले त्यायनं बंद," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "मले काई बोलले नाई. पन मानसाले आपल्या बायकोचं एकदा तं ऐकाच लागते."

माझा घास तसाच राहिला. ज्या एका गोष्टीसाठी मी आयुष्यभर मान वर करून चाललो, ती आई हसत हसत मोडून टाकत होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. बाबांनी रागापोटी एक गल्ली तहानलेली ठेवली. त्यात काकांची बायको, म्हातारी आई, शेजारची घरं, सगळीच आली.

रविवारी सकाळी बाग भरलेली असते. योगावाले, हास्य क्लबवाले, नुसतेच बोलायला आलेले. आई आणि मी बाकड्यावर, मधे पिशवी. अध्यक्ष रस्त्यानं फेऱ्या मारत होते. दर फेरीला आमच्याकडे पाहायचे आणि पुढे जायचे. मी आईला काय आणि कसं सांगायचं ते मनात जुळवत होतो.

तेवढ्यात किराणावाले काका आले. दुकान आता मुलगा पाहतो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काठी घेऊन हळूहळू चालतात. एकेका बाकड्याजवळ थांबत होते, पण कुठेच जागा नव्हती. आमच्या बाकड्यापाशी आले तेव्हा त्यांनी नजर खाली घातली आणि पुढच्या कडुनिंबाला हात टेकून उभे राहिले. श्वास लागला होता.

मी उठलो. "काका, बसा."

"थे नाई बसत," आई दुसरीकडे पाहत म्हणाली.

"वयनी बराबर बोलून राहिल्या," काका म्हणाले. "मी उभाच बरा. झाडाले काई माहीत नाई माह्याबद्दल."

रात्रीपासून जे अडकून बसलं होतं ते माझ्या तोंडून निघून गेलं. "काका, त्या उन्हाळ्यात, ते भांडन झाल्यावर, तुमच्या गल्लीचे नळ बंद राहिले होते ना?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. काकांनी काठी दोन्ही हातांत धरली.

"बंद? मले बी तसंच वाटलं होतं. हा मानूस आता सोडत नाई आपल्याले. म्हनून म्या आदल्या दिवशीच टँकर सांगून ठेवला. अन् सकाळी आपले नळ सुरू. बायकोनं सगळं भरून घेतलं, हंडे, बादल्या, पोरायच्या दुधाच्या बाटल्या बी. मंग टँकरवाला दारात. म्हने, पानी कुठं ओतू? घरात वाटीभर जागा नाई. बायको म्हने, आता याची धरा कॉलर."

मी हसलो. आई हसली नाही.

"चेंबरजवळ गेलो मी," काका म्हणाले. "तुह्या बाबानं मान वर करून पाहिलं. नव्यानं लावलेल्या बटनाचा धागा दुसऱ्या रंगाचा होता, तो मले दिसला. मले वाटलं, आता काईतरी बोलन. तं म्हने, भरून घ्या, आज प्रेशर चांगलं आहे. बस, इतकंच."

"हे कधी सांगतलं नाई तुमी," मी म्हणालो.

"कोनाले सांगू? फजिती तं माहीच होती."

आईनं मागे वळून बाकड्याच्या पाठीवरच्या नावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे माह्यं ऐकलंच नाई या मानसानं."

काकांनी झाडाला पाठ टेकली.

"अन् म्या त्या दिवशी शिरा केला होता. माह्यं ऐकलं म्हनून. साजूक तुपातला." तिचा आवाज चढला. "खाल्ला की नाई यायनं. दोनदा मागून घेतला. तोंडातून एक शब्द नाई काढला."

"मंग त्या शिऱ्यावर हक्क माहा होता, वयनी," काका म्हणाले.

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलणार. तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि मला दिसलं की पदराआड ती हसत होती. मग तिनं मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा. पाय दुखून राहिला असंन."

काका बसले. सावकाश, आधी काठी टेकवून, मग एक हात बाकड्याच्या पाठीवर, बाबांच्या नावावर ठेवून. आईनं तो हात पाहिला आणि काही म्हटलं नाही. उलट विचारायला लागली, भरून घ्या म्हनले, अजून काय म्हनले? रागात होते का? चेहरा कसा होता? काकांना जेवढं आठवत होतं तेवढं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. इतक्या वर्षांनी तिला नवऱ्याची एक नवी गोष्ट मिळाली होती आणि ती तिला पुरवून पुरवून ऐकायची होती.

मी बाजूला उभा होतो. आदल्या रात्री मी बाबांवर शंका घेतली याची लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या वर कुठेतरी अभिमान दाटला होता. कॉलर धरणाऱ्याला तेवढंच पाणी आणि घरच्या बायकोलाही तेवढंच. दोघांनाही त्यांनी काही सांगितलं नाही.

अध्यक्ष पुढच्या फेरीत आमच्याजवळ आले आणि थांबले. बोलायची तयारी करून आले होते, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण बाकड्यावर कोण बसलं आहे ते पाहून आधी तब्येत विचारायचंही विसरले.

आई थोडी सरकली. "सर, उभे काहून? बसा ना. इथं एकाची जागा आहे."